व्हेल शार्क आणि मांटा रे: व्यापारबंदी दोघांनाही, पण जाळ्यातून वाचवणार कोण?

उझबेकिस्तानातील समरकंद इथे २०२५ च्या अखेरीस झालेल्या साइट्स परिषदेत व्हेल शार्क आणि मांटा रे यांना परिशिष्ट १ मध्ये टाकण्याचा निर्णय झाला. म्हणजेच त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी खरेदी-विक्रीवर बंदी. यादी एकच असली, तरी या दोन माशांची स्थिती सारखी नाही.

दोघांना ओळखायचं कसं?

व्हेल शार्क ही मुशी, तर मांटा पाकटाच्या गटातला. मुशीच्या कल्ल्यांच्या फटी बाजूला असतात, पाकटाच्या पोटाकडून. व्हेल शार्क १८ मीटरपर्यंत वाढतो. तो जगातला सर्वांत मोठा मासा आहे. महासागरी मांटाची रुंदी सुमारे ७ मीटरपर्यंत जाते. दोघंही पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात आणि माणसावर हल्ला करत नाहीत.

मग फरक कुठे पडतो?

पिल्लांच्या संख्येत. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका व्हेल शार्क मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्लं सापडली होती. मांटाची मादी मात्र वर्षभर गर्भ वाढवून बहुतेक वेळा एकच पिल्लू देते आणि पुढचं पिल्लू व्हायला काही वर्षं जातात. त्यामुळे थोड्या माद्या मेल्या, तरी मांटांची संख्या सावरायला फार काळ लागतो.

मागणी कशाला आहे?

व्हेल शार्कचे पर, मांस आणि तेल विकलं जातं. मांटाचे वाळवलेले कल्ले चीनमध्ये औषध म्हणून खपतात. त्यांचा गुण सिद्ध झालेला नाही.

भारतात काय स्थिती?

२००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या रांगेत, जागा मिळाली. गुजरातमध्ये पूर्वी त्याची शिकार व्हायची. २००४ पासून मोरारीबापूंच्या साथीने जनजागृती झाली आणि तिथले मच्छीमार जाळं कापून त्याला सोडू लागले. महाराष्ट्रातही संरक्षित जीव सोडताना जाळ्याचं नुकसान झाल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना २०१८ पासून आहे.

कळीचा मुद्दा हाच आहे. व्यापारबंदी बंदरावर माल अडवते, समुद्रात चुकून अडकलेला मासा सोडवत नाही. तो निर्णय बोटीवर होतो आणि कापलेल्या जाळ्याचा खर्च मच्छीमारावर पडतो. भरपाई वेळेवर मिळाली, तरच तो पुढच्या वेळीही जाळं कापेल.