ळ, ण आणि स्पर्धेचे घड्याळ

आपल्या बहुतेक मंडळांच्या स्नेहसंमेलनात मुलांसाठी एक स्पर्धा हमखास असते. इंग्रजीत ज्यांना टंग ट्विस्टर म्हणतात, ती जिभेची बोबडी वळवणारी वाक्ये मुलांनी म्हणून दाखवायची. परीक्षकाच्या हातात घड्याळ असते. एका मिनिटात ज्याच्या आवृत्त्या अधिक, तो पहिला. तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीनंतर मूल काय म्हणते आहे हे कोणालाच कळत नाही, परंतु आवृत्त्या मोजल्या जातात, टाळ्या पडतात, पालक कृतार्थ होतात. आमचे म्हणणे असे की, ही स्पर्धा आहे त्या स्वरूपात बंद करावी. आणि ज्या वाक्यांची आपण वर्षातून एकदा अशी थट्टा मांडतो, तीच वाक्ये घरोघरी रोज दहा मिनिटे, सावकाश, तोंड उघडून म्हटली जावीत. इतक्या स्वस्तात आणि इतक्या थोड्या वेळात मुलांचे मराठी ऐकण्याजोगे राखण्याचा दुसरा उपाय निदान आम्हांला तरी ठाऊक नाही.

असे काय बिघडले आहे, असे विचारणाऱ्यांनी इंदूरसारख्या शहरात ते शहर ज्यांनी नावारूपाला आणले त्या घराण्याचे नाव ऐकावे. होळ गावचे म्हणून ते होळकर. परंतु पाट्यांवर, भाषणांत, बातम्यांत सर्वत्र होलकर. (ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे सिंधिया झाले, ती कथा निराळी, तीत इंग्रजांचाही हात आहे.) हिंदी भाषकांविषयी आमची तक्रार नाही. त्यांच्या प्रमाण भाषेत ळ हा वर्णच नाही. त्यांनी तो कोठून आणावा? तक्रार आहे ती आपल्याविषयी. ज्या घरांत दोनशे वर्षे मराठी बोलली गेली, त्या घरांतली नातवंडेही होलकरच म्हणतात, 'शालेत' जातात आणि 'पानी' पितात. आणि आजी-आजोबा ते ऐकून घेतात.

हा दोष परिस्थितीचा आहे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परिस्थिती नीट पाहिली, तर ती वेगळेच सांगते. बेळगावच्या मुलाच्या कानावर कन्नडमधून दिवसभर ळ आणि ण पडतात. बडोद्याला गुजरातीत हे दोन्ही वर्ण आहेत. हैदराबादला तेलुगूत ळ आणि ण तर आहेतच, शिवाय आपला दंततालव्य च आणि ज देखील आहे. गोव्याच्या कोकणीविषयी सांगायलाच नको. राहिलो आम्ही माळव्यातले आणि ग्वाल्हेरकडचे. पण आमच्याही भोवतीची खेड्यांतली माळवी आणि निमाडी ऐका. तीत ळ खणखणीत आहे. तालुक्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई जो वर्ण सहज उच्चारते, तो शहरातील आमच्या पदवीधर घरांना जड झाला आहे. म्हणजे ळ या भूमीतून गेलेला नाही. तो शाळेच्या हिंदीने आणि आमच्या आळसाने गेला आहे.

उच्चार गेला की मागोमाग अक्षरही जाते. आमचे आयुष्य शासकीय दप्तरे चाळण्यात गेले. मतदार याद्या, शिधापत्रिका, जमिनीच्या नोंदी यांत काळ्यांचे काले, गोळ्यांचे गोले, पिंपळ्यांचे पिंपले झालेले आम्ही पाहिले. मुळे नावाच्या कुटुंबाची तर सरसकट 'मुले' झाली. वडिलांच्या आडनावात ळ आणि चिरंजीवांच्या आडनावात ल, एवढ्यावरून वारसनोंद अडावी आणि शपथपत्रे करावी लागावीत, हेही पाहिले. कारकुनाने जे ऐकले ते लिहिले. आपले आडनाव खिडकीपाशी स्पष्ट न सांगणाऱ्याने कारकुनाला दोष का द्यावा?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो सुशिक्षितांकडूनच येतो. भाषा प्रवाही असते, उच्चार बदलायचेच. भाव पोहोचल्याशी कारण. भाव पोहोचतो का, हाच तर प्रश्न आहे. वेळ आणि वेल, मूळ आणि मूल, नाळ आणि नाल, खोळ आणि खोल, सण आणि सन, वण आणि वन: या जोड्यांत फरक आहे तो जिभेच्या टोकाच्या बोटभर हालचालीचा, आणि अर्थ दोन टोकांचे आहेत. 'जग' हा शब्द तालव्य ज ने म्हटला तर दुनिया, दंततालव्य ज ने म्हटला तर जगण्याची आज्ञा; लिपीत तर दोन्ही सारखेच. 'चार' चे तेच: एक संख्या, दुसरे गाईला गवत घालायला सांगणे. लिपी जेथे मदत करीत नाही तेथे तोंडानेच काम करायचे असते. हे भेद गमावणे याला प्रवाह म्हणायचे असेल तर म्हणावे. आम्ही त्याला गळती म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. ही पुणेरी सोवळेपणाची नवी आवृत्ती तर नव्हे? नव्हे. आमचे हेल, आमचे 'करून राहिलो', 'येऊन राहिलो', आमच्या बोलण्यात सहज येणारे हिंदी शब्द हे आमचे आहेत आणि ते पुसण्याची आम्हांला मुळीच घाई नाही. सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातलगाने त्यावर हसावे आणि आम्ही ओशाळावे, हा प्रकार पुरेसा झाला. बोलीचा रंग वेगळा आणि उच्चाराची अस्पष्टता वेगळी. वऱ्हाडी माणूस वऱ्हाडीत आणि मालवणी माणूस मालवणीत स्वच्छ बोलू शकतो. आम्ही माळव्याच्या मराठीत का बोलू नये?

आता या वाक्यांकडे वळू. ती करमणुकीची आहेत, असा समज का रूढ झाला कळत नाही. ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो, तिने उच्चारशुद्धीसाठी केवढा खटाटोप केला! वेदपठणात पद, क्रम, जटा, घन असे पाठ आहेत. त्यांत तेच शब्द मागेपुढे उलटसुलट गुंफून म्हणायचे असतात. अर्थ बाजूला ठेवून पाहिले, तर ती जिभेची आणि स्मरणाची अत्यंत काटेकोर कसरतच आहे. आणि जाता जाता सांगावेसे वाटते, ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे. तेव्हा त्याला गावंढळ समजणाऱ्यांनी जरा जपून. पाणिनीय शिक्षेत वाघिणीचा दृष्टान्त आहे: ती पिलांना दातांत धरून नेते, पण पिलू पडत नाही आणि त्याला दातही लागत नाही, वर्ण तसे उच्चारावेत. त्याच ग्रंथात चांगल्या पाठकाच्या गुणांत अक्षरव्यक्ती, म्हणजे प्रत्येक अक्षर वेगळे उमटणे, सांगितली आहे, आणि अधम पाठकांच्या यादीत 'शीघ्री', म्हणजे घाईने म्हणणारा, घातला आहे. आपण नेमक्या त्या शीघ्रीला ढाल देतो.

इतके मागे जायचे नसेल, तर आपल्या घरातला परवचा आठवावा. दिवेलागणीला शुभंकरोति, मग रामरक्षा, मग पाढे. पावकी, निमकी, अडीचकीपर्यंत. त्यात भक्ती किती आणि गणित किती हा वाद राहू द्या. रोज अर्धा तास मोठ्याने, सर्वांच्या देखत, जोडाक्षरांसकट म्हणणे होते, हे महत्त्वाचे. चूक झाली की स्वयंपाकघरातून दुरुस्ती येई. एकट्या ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णवने जिभेला जे वळण लागे, ते आजच्या कोणत्या वर्गात लागते? महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. जोडाक्षरे मुलांना जड जातात, हेही एक कारण तेव्हा सांगितले गेले. गणिताच्या सोयीसाठी ते ठीकही असेल. पण जिभेला जे जड जाते ते टाळून जीभ हलकी होत नाही, हे कोणी सांगितले नाही.

परवचा गेला, तो परत आणा म्हटले तर आमचीच मुले आम्हांला हसतील. दहा मिनिटांची ही वाक्ये त्याची जागा घेऊ शकतात, मात्र ती आपली हवीत. मुलांना येते ते 'कच्चा पापड, पक्का पापड', आणि दुसरे ते इंग्रजीतले शिंपले विकणाऱ्या बाईचे. पापडात सगळा भर च्च आणि क्क वर, शिंपल्यांत स आणि श वर. दोन्ही आपापल्या जागी चांगली. परंतु आपले दुखणे ळ आणि ण चे आहे, आणि त्यांचा या दोहोंत मागमूस नाही. डोळे आलेल्याला गुडघ्याचा लेप लावण्यासारखेच हे. आपल्याकडे 'काळे राळे गोरे राळे' आहे. राळे म्हणजे काय, हे मुले विचारतील. ते धान्य हिंदीत कंगनी म्हणून मिळते, २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून दुकानांतूनही दिसते, मूठभर आणून दाखवावे. बाकीची वाक्ये घरीच रचावीत. आम्ही रचलेली दोन देतो: 'नळाखालच्या नळीत काळी मळी, मळीखाली पिवळी पाकळी', आणि 'राणीने आणले राणाचे बाण, बाण ठेवून राणी आणते पाणी'. काव्य म्हणून त्यांची किंमत शून्य आहे. तोंडात ती कशी वागतात ते पाहावे.

ज्या मुलाला ळ मुळीच येत नाही, त्याच्यावर वाक्य लादू नये. त्याला आधी 'ट' म्हणायला सांगावे, जीभ टाळूला कोठे टेकली ते विचारावे, आणि तेथेच जीभ ठेवून 'ल' म्हणायला लावावे. ळ जवळ येतो. ण तर त्याच्या तोंडात आहेच. 'घंटा', 'अंडा', 'पंडित' म्हणताना ट आणि ड च्या आधी हिंदी बोलणारे मूलही नकळत ण उच्चारते. त्याला तेथे क्षणभर थांबवावे आणि तोच ध्वनी सुटा ऐकवावा. मग 'पाणी'. हे आठ-पंधरा दिवसांचे काम आहे. मग वाक्य: पहिल्यांदा शब्द तोडून, नंतर सलग, नंतर कुजबुजत. कुजबुजताना आवाजाचा आधार जातो आणि सगळी मदार व्यंजनांवर येते, त्यामुळे कोठे ढिलाई आहे ते ताबडतोब कळते. वेग सर्वांत शेवटी, आणि अक्षर मोडू लागले की एक पाऊल मागे. तोतरेपणा, ऐकण्यातला दोष, टाळूतली फट यांवर मात्र हा उपाय नव्हे. तेथे वाचा-उपचारतज्ज्ञाकडेच जावे, आणि वेळ न घालवता जावे.

आणि ही कसरत फक्त मुलांसाठी आहे, असे कोणी समजू नये. आपल्या सभांमध्ये तिसऱ्या रांगेपलीकडे वक्ता कळत नाही, आणि दोष दरवेळी ध्वनिक्षेपकाचा निघतो. ध्वनिक्षेपक आवाज मोठा करतो. गिळलेली अक्षरे तो बाहेर काढू शकत नाही. साठीनंतर दात जातात, कवळी येते, ओठ आळसावतात. कवळी बसवलेल्या ज्येष्ठांना या वाक्यांची गरज नातवंडांहून कमी नाही. दोघांनी मिळून म्हणावे. आजोबांचा स निसटेल, नातीचा ळ निसटेल. बरोबरीचा सामना होईल.

ही बरोबरी आम्हांला फार मोलाची वाटते, कारण आज आपल्या घरांत नेमके उलटे घडते. मूल समारंभात धीर करून मराठीत दोन वाक्ये बोलते, त्यात 'शालेत' येते, आणि काका-मामा खो खो हसतात. मूल पुढचे वाक्य हिंदीत बोलते. त्यानंतर ते त्या काकांशी कधीच मराठीत बोलत नाही. आपल्या किती घरांतून मराठी अशी हसण्यावारी गेली, याची मोजदाद कोणी केलेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. ते पेढे खाणाऱ्या तोंडांनी घरातल्या मुलाच्या उच्चारावर हसणे थांबवावे आणि त्याच्याबरोबर दहा मिनिटे बसावे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आमची सूचना अशी आहे. येत्या संमेलनात स्पर्धा ठेवायचीच असेल, तर परीक्षकाकडील घड्याळ काढून घ्यावे. प्रत्येक मुलाने एकच वाक्य, त्याने पूर्वी न ऐकलेले, एकदाच आणि ध्वनिक्षेपकाशिवाय म्हणावे. शेवटच्या रांगेत दहा जण मुलांकडे पाठ करून बसवावेत आणि त्यांनी ऐकले तसे वाक्य लिहून काढावे. ज्याचे वाक्य अधिक कागदांवर बरोबर उतरेल, तो पहिला. दुसरी फेरी पदाधिकाऱ्यांची घ्यावी. कागद आणि पेन्सिली आम्ही घेऊन येऊ.