आर्ट्स कॉलेजातली केमिस्ट्री

बारावीला आपण सगळ्यांनीच हॉल-हेरॉल्ट प्रक्रिया घोकली आहे. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये अॅल्युमिना विरघळवायचा, वीज सोडायची, कॅथोडवर अॅल्युमिनियम. आकृती काढली की मार्क पक्के! पण हा हॉल शिकला कुठे, हे ना क्लासच्या नोट्समध्ये होतं, ना कोणी विचारलं.

चार्ल्स मार्टिन हॉल १८८५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजातून पदवीधर झाला. हे कॉलेज इंजिनिअरिंगचं नाही, लिबरल आर्ट्सचं आहे. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक ज्यूएट यांनी स्वस्तात अॅल्युमिनियम कसं काढता येईल हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, आणि हॉलने तो मनावर घेतला. २३ फेब्रुवारी १८८६ रोजी घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये त्याच्या हाती धातूचे छोटे गोळे आले. वय अवघं २२. मदतीला बहीण ज्युलिया, तीही ओबर्लिनलाच केमिस्ट्री शिकलेली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये हेरॉल्टला हीच पद्धत स्वतंत्रपणे सापडली. आज आपल्या मेसमधल्या पातेल्यांपासून हाय-टेन्शनच्या तारांपर्यंत सगळीकडे त्या गोळ्यांचे वंशज आहेत.

'आर्ट्स' म्हटलं की आपल्याकडे लगेच नाक मुरडलं जातं. पण लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे आपली कला शाखा नव्हे. तिथे विज्ञान आणि गणितही असतं. चार वर्षांची पदवी, छोटे वर्ग. केमिस्ट्री मेजर घेतलेल्या मुलालाही इतिहास, साहित्य, एखादी भाषा असे विषय घ्यावे लागतात. ही कॉलेजं मुख्यतः पदवीपुरतीच असल्यामुळे तिथे सहसा पीएचडीवाली मंडळी नसतात. मग प्राध्यापकांच्या संशोधनात हात द्यायला उरतं कोण? पदवीचीच पोरं!

हे जुन्या काळापुरतं नाही. थॉमस चेक यांनी १९७० साली आयोवामधल्या ग्रिनेल कॉलेजातून केमिस्ट्रीची पदवी घेतली. तिथे होमर, दांते आणि घटनेचा इतिहास वाचण्यातही केमिस्ट्रीइतकाच आनंद मिळाला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे आरएनए हा एन्झाइमसारखं काम करू शकतो हे दाखवल्याबद्दल त्यांना १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. जेनिफर डाउडना १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजातून पदवीधर झाल्या. मध्येच केमिस्ट्री सोडून फ्रेंच घ्यावं असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि त्यांच्या फ्रेंचच्या बाईंनीच त्यांना विज्ञान सोडू नकोस म्हणून सांगितलं! पीएचडीनंतर त्यांनी चेक यांच्याच लॅबमध्ये काम केलं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल, जनुकं कापण्याच्या क्रिस्पर तंत्रासाठी, त्यांना शार्पांतिए यांच्यासोबत मिळालं.

आता कोणी म्हणेल, "हे सगळं श्रीमंतांचे चोचले." खरं आहे. या कॉलेजांची फी ऐकून आपल्या घरच्यांना चक्कर येईल. शिवाय छोट्या विभागात वरच्या पातळीचे विषय मोजकेच मिळतात, आणि संशोधनच करायचं तर पुढे मोठ्या विद्यापीठात जावंच लागतं. चेक बर्कलीला गेले, डाउडना हार्वर्डला. तेव्हा ते सगळं इथे आणा असं मी म्हणत नाही. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे, आणि तिला डॉलर लागत नाहीत. ती म्हणजे, ज्याचं उत्तर आधीच्या बॅचच्या जर्नलमध्ये नाही असा एक प्रश्न.

ओरेगॉनमधल्या रीड कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रबंध लिहावाच लागतो. त्या कॉलेजात १९६८ पासून एक छोटी संशोधन अणुभट्टी आहे, आणि ती चालवतात प्रामुख्याने पदवीचे विद्यार्थी. अणुभट्टी! आणि आपल्याकडे ब्युरेट फुटेल म्हणून चार जणांत एक.

आपलं फर्स्ट इयरचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल आठवा. ईडीटीए घालून पाण्याचा कठीणपणा काढायचा. वाइनसारखा लाल रंग निळा झाला की रीडिंग घ्यायचं. पण उत्तर किती यायला हवं हे सीनिअरच्या जर्नलमुळे आधीच ठाऊक असतं. मग रीडिंग उत्तराकडे चालत येतं! सरांनाही ते कळतं, पण एवढ्या बॅचेस आणि सबमिशनचा ढीग समोर असताना ते तरी काय करणार? त्यात ज्याचं रीडिंग खरं पण वेगळं येतं, तोच व्हायवात अडकतो. खरं बोलणाऱ्याला तोटा, हे आपण प्रयोगशाळेत शिकून बाहेर पडतो. उद्या यातलेच काही जण पुलाच्या काँक्रीटचे, बॉयलरच्या पाण्याचे रिपोर्ट सही करणार आहेत. मला भीती वाटते ती याची.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की इंजिनिअरिंगवाल्यांनी कला आणि मानव्यविद्याही शिकाव्यात. चांगलं आहे. पण तो आणखी एक विषय आणि आणखी एक सबमिशन एवढंच ठरलं, तर काय उपयोग?

त्यापेक्षा सुरुवात हॉस्टेलपासून करू. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, बादल्यांवर चढतो. बोअरचं पाणी किती कठीण, टाकीतलं किती, पावसाळ्याआधी किती, नंतर किती? ईडीटीए तेच, ब्युरेट तीच. फक्त उत्तर कोणालाच माहीत नसेल. एका बॅचने एक नळ वर्षभर सांभाळायचा. दोघांची रीडिंग वेगळी आली तर मार्क कापायचे नाहीत, का वेगळी आली ते शोधायला लावायचं. शेवटी चार पानं नीट मराठीत किंवा इंग्रजीत लिहायची, रेक्टर सरांना समजतील अशी. गीझर बदलायचा की पाणी सॉफ्ट करायचं, हे त्यावरून ठरवता येईल.

ज्यूएट सरांनी हॉलला सिलॅबसबाहेरचा एक प्रश्न दिला होता. आमच्या सरांना आमची एवढीच विनंती आहे, एखादा आम्हालाही द्या.