हरायची तयारी नसलेली माणसं

जुगार, महत्त्वाकांक्षा आणि भ्रष्टाचार यांची नावं आपण एका दमात घेतो. गुन्हेगारी कादंबरीनं तर हा शेजार पक्काच करून टाकला आहे. पत्त्यांचा अड्डा आला की मागोमाग हप्ता घेणारा फौजदार येतो आणि त्याच्या मागून विकला गेलेला पुढारी. वाचकाची समजूत अशी होते की सगळ्या सडक्याचं मूळ त्या अड्ड्यात आहे, अड्डा बंद झाला की गाव शुद्ध होईल. डॅशिएल हॅमेट या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांत हे सगळे नग हजर आहेत, तरी त्याच्या हिशेबात जुगार आणि भ्रष्टाचार एका बाजूला बसत नाहीत. जुगार खेळणारा माणूस आपण हरू शकतो हे मान्य करूनच पैसे लावतो. भ्रष्टाचार ही शक्यताच काढून टाकण्याची व्यवस्था असते. हा फरक ध्यानात आला की कोणाला अपराधी म्हणायचं याचं उत्तर बदलतं, आणि हॅमेट केवळ चटकदार मारधाडीचा लेखक उरत नाही.

‘रेड हार्वेस्ट’ ही त्याची 1929 सालची कादंबरी पर्सनव्हिल नावाच्या खाणींच्या गावात घडते. गावातले लोक त्याला पॉयझनव्हिल, म्हणजे विषपूर, म्हणतात. जुगारवाला, चोरटी दारू विकणारा, चोरीचा माल पचवणारा आणि पोलीसप्रमुख अशा चौघांनी ते वाटून घेतलं आहे. पण या टोळ्यांना गावात आणलं कोणी? खाणमालक इलाहू विल्सननं, कामगारांचा संप मोडण्यासाठी. संप मोडला, टोळ्या मात्र परत गेल्या नाहीत. पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत हॅमेटनं काही वर्षं नोकरी केली होती आणि संप फोडण्यासाठी ती संस्था कुप्रसिद्ध होती, त्यामुळे हा तपशील त्यानं हवेतून काढलेला नाही. विल्सन कधी पत्त्याला हात लावताना दिसत नाही. कामगारांशी झुंजताना हार पत्करायची वेळ येईल एवढीही जोखीम त्याला नको होती, आणि गावाच्या विषाची सुरुवात तिथे झाली. याच कादंबरीत एक मुष्टियुद्ध आहे. कोणी कितव्या फेरीत पडायचं हे आधी ठरलेलं, आपल्याकडे ज्याला सरळ ‘सेटिंग’ म्हणतात ते. निवेदक असलेला गुप्तहेर त्या मुष्टियोद्ध्याच्या भूतकाळातलं एक गुपित काढून त्याला धमकावतो आणि खरोखर लढायला लावतो. तो जिंकतो, आणि पंच त्याचा हात वर करत असतानाच कुठूनतरी आलेला सुरा त्याच्या मानेत घुसतो. सामना खरा झाला म्हणून माणूस मेला. जुगाराविषयी हॅमेटला काय वाटत होतं, हे यापेक्षा नेमकं त्यानं कुठे सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

1931 सालच्या ‘द ग्लास की’मध्ये तो हाच विचार माणसांच्या स्वभावापर्यंत नेतो. नेड बोमाँट हा पक्का जुगारी. पॉल मॅडविग हा शहराचा राजकीय धनी, बांधकामाची कंत्राटं आणि पोलीस दोन्ही हाताशी असलेला. नेड त्याचा जिवलग मित्र आणि सल्लागार. मॅडविगची हाव पैशाची नाही, ती प्रतिष्ठेची आहे. खानदानी सिनेटर हेन्रीची मुलगी जॅनेट त्याला बायको म्हणून हवी आहे आणि त्यासाठी तो सिनेटरला पुन्हा निवडून आणायला निघाला आहे. कोणत्या कापडाच्या सुटावर कसले मोजे घालू नयेत हे नेडला त्याला सांगावं लागतं. महत्त्वाकांक्षेचं इतकं केविलवाणं आणि इतकं खरं चित्र राजकीय कादंबऱ्यांतही क्वचित सापडतं. उलट नेडला कुठेच चढायचं नाही. विरोधी टोळीचा नायक शॅड ओ’रोरी त्याला मित्राशी दगा करण्यासाठी रोख रक्कम देऊ करतो, वर जुगाराचा अड्डा चालवायला देण्याचं आमिष दाखवतो. जुगाऱ्याला अड्ड्याचा मालक करणं म्हणजे त्याची हार कायमची संपवणं, कारण अड्डा कधी हरत नाही. नेड नाही म्हणतो आणि कित्येक दिवस बेदम मार खातो.

यावर पहिला आक्षेप असा की हे जुगाऱ्याचं उदात्तीकरण झालं. आक्षेपात तथ्य आहे. धर्मराजही हरला तेव्हा दिल्या शब्दाप्रमाणे सगळं देऊन मोकळा झाला, पण जे दिलं त्यात द्रौपदीही होती. नेडचे हातही स्वच्छ नाहीत. घोड्यावर जिंकलेले 3250 डॉलर घेऊन बुकी पळतो, तेव्हा नेड मॅडविगच्या वशिल्यानं सरकारी वकिलाच्या कचेरीतला विशेष तपासनीस होतो, न्यूयॉर्कला जातो, सिनेटरच्या खून झालेल्या मुलाची हॅट त्या बुकीच्या खोलीत दडवतो आणि खुनाच्या आरोपाची भीती घालून पैसे वसूल करतो. एका वर्तमानपत्राचा मालक नेडच्या निर्दयपणामुळे आत्महत्या करतो. हॅमेट यातलं काहीही झाकत नाही. नेडच्या मनात काय चाललं आहे हे तो कादंबरीभर सांगत नाही, फक्त कृती दाखवतो, म्हणून नेडला माफ करायची सोयही वाचकाला मिळत नाही. पण बुकीच्या प्रसंगात नेमकं काय घडतं ते पाहा. पैजेपर्यंत नेड जुगारी असतो. सरकारी शिक्का हातात आला, वसुलीची खात्री झाली, त्या क्षणी तो मॅडविगच्या जगाचा भाग होतो. सीमारेषा माणसामाणसांत असते तशी एका माणसाच्या आतूनही जाते, हे दाखवल्यानं माझ्या मते मूळ मुद्दा बळकटच होतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: ही सगळी अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातली भुतं, बंदी उठली की विषय संपला. ‘द ग्लास की’ पुस्तकरूपानं आली त्याच वर्षी नेवाडा राज्यानं जुगार कायदेशीर केला, आणि 1933 मध्ये दारूबंदीही गेली. पण या कादंबरीत बंदी हे केवळ एक हत्यार आहे. ओ’रोरी डोईजड होतो तेव्हा मॅडविग पोलिसांना त्याच्या अड्ड्यांवर धाडी घालायला लावतो. नीतीशी त्या धाडींचा काडीचा संबंध नसतो. उद्या तिथे बंदीऐवजी परवाना आला, तर परवाना कोणाचा रद्द करायचा हे तोच ठरवील. आणि कादंबरीतला मुख्य खून दारूच्या किंवा जुगाराच्या पैशासाठी झालेलाच नाही. तो केला आहे सिनेटर हेन्रीनं, स्वतःच्या मुलाचा. संशय मॅडविगवर जातो तेव्हा हा खानदानी गृहस्थ तो जाऊ देतो, कारण त्याला निवडणूक हरायची नसते. सगळं उघडं पडल्यावर तो नेडकडे पाच मिनिटं मागतो, स्वतःवर गोळी झाडून घेण्यासाठी. नेड ती देत नाही. जे वाट्याला येईल ते भोगावं लागेल, एवढंच त्याचं म्हणणं असतं.