खेळाची मॅडम

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीहून गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचा फोन आला. मुलगी बारावीला आहे, बास्केटबॉल चांगला खेळते. "आपा, ती म्हणते मला कॉलेजात खेळाची मॅडम व्हायचंय. तिचे अब्बू म्हणतात, डी.एड. कर, घराजवळ नोकरी मिळेल. मी दोघांच्या मधे अडकलेय. चेंडू शिकवून कुणा बाईचं आयुष्य उभं राहिलंय का, तेवढं सांगा."

प्रश्न फोनवर दोन मिनिटांत संपणारा नव्हता. अशा मुली बऱ्याच घरांत आहेत, म्हणून उत्तर इथे लिहिते.

चेंडू शिकवून आयुष्य उभे केलेल्या बाईचे नाव पॅट समिट. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९५२ साली एका शेतकऱ्याच्या घरी तिचा जन्म झाला. घरी दुभती जनावरे होती, तंबाखूची शेती होती. तीन मोठ्या भावांबरोबर तीही गवताचे गठ्ठे बांधायची, आणि संध्याकाळी गोठ्याच्या माळ्यावर त्यांच्याशीच बास्केटबॉल खेळायची. ती मोठ्या शाळेत जाण्याच्या वयाची झाली तेव्हा गावात मुलींचा संघच नव्हता. वडील अतिशय कडक, शाबासकी देण्यात कंजूष. पण त्यांनी घर हलवले. शेजारच्या ज्या भागातल्या शाळेत मुलींचा संघ होता, तिथे कुटुंब राहायला गेले, केवळ मुलीला खेळता यावे म्हणून. कॉलेजात तिच्या भावांना खेळाची शिष्यवृत्ती मिळाली होती. मुलींना तेव्हा ती मिळत नसे. तिची फी आईवडिलांनी भरली.

१९७४ साली ती टेनेसी विद्यापीठात पुढचे शिक्षण घ्यायला आली. संघाला मदतनीस म्हणून काम करायचे ठरले होते. अचानक मुख्य प्रशिक्षक बाई सोडून गेल्या आणि बाविसाव्या वर्षी संघाची सगळी जबाबदारी तिच्यावर पडली. पगार महिन्याला २५० डॉलर. काही खेळाडू तिच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने लहान. खेळाडूंचे कपडे आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले, आणि ते धुवायचे कामही तिचेच. बाहेरगावी सामना असला की गाडीही तीच चालवी. शिवाय स्वतःचा अभ्यास, वर्ग शिकवणे आणि दुखावलेल्या गुडघ्याचा व्यायाम. पहिला सामना तिचा संघ हरला, ८४ विरुद्ध ८३, एका गुणाने.

ती टिकून राहिली. १९७६ साली माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये महिलांचा बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला, तेव्हा तिने खेळाडू म्हणून रौप्यपदक मिळवले. १९८४ मध्ये तिने प्रशिक्षण दिलेल्या अमेरिकेच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. एकाच विद्यापीठात ३८ वर्षे, आठ राष्ट्रीय विजेतेपदे, १,०९८ विजय. निवृत्त झाली तेव्हा तिथल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पुरुष किंवा स्त्री, कोणत्याच प्रशिक्षकाच्या नावावर इतके विजय नव्हते. आणि ताई, तुमच्या पोटापाण्याच्या प्रश्नाचे उत्तर: २००६ साली तिचा वर्षाचा मोबदला दहा लाख डॉलरच्या वर गेला. महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला एवढे पैसे त्याआधी कधी मिळाले नव्हते.

मला मात्र तिची दुसरीच गोष्ट मोठी वाटते. तिच्या हाताखाली पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. वर्गात दांडी मारणाऱ्या मुलीला तिच्या संघात जागा नसे. खेळ हे शिक्षण सोडण्याचे निमित्त होऊ द्यायचे नाही, हा तिचा नियम होता. 'खेळली की अभ्यास बुडतो' म्हणणाऱ्या आईबाबांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

२०११ मध्ये, ५९ व्या वर्षी, तिला स्मृतिभ्रंशाचा, अल्झायमरचा आजार असल्याचे निदान झाले. तिने तो लपवला नाही. जाहीर सांगितले, आणखी एक हंगाम उभी राहिली, आणि २०१२ मध्ये जागा सोडली. ती दिली कुणाला? तिच्याच हाताखाली खेळलेल्या आणि पुढे अनेक वर्षे तिची सहायक राहिलेल्या हॉली वॉर्लिक यांना. २०१६ मध्ये पॅट समिट गेली.

या यशामागे कायद्याचाही हात होता. शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करता येणार नाही, असा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला आणि कॉलेजांना मुलींच्या खेळासाठी पैसा व मैदान द्यावे लागले. पण गंमत पाहा. त्या वर्षी महिला कॉलेज संघांच्या प्रशिक्षकांत, सगळे खेळ मिळून, ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. आज त्या निम्म्याही नाहीत. पगार वाढला, मान वाढला, तसे पुरुष त्या जागांवर आले. म्हणून मुलींनी नुसते खेळून भागत नाही, शिकवण्याच्या खुर्चीपर्यंतही पोचावे लागते.

आता आपल्या घरातला प्रश्न, पोशाखाचा. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींना हिजाब घालून खेळू दिले नाही. त्यांनी तो उतरवला नाही आणि सामना सोडून दिला. अमेरिकेतली बिल्किस अब्दुल कादिर ही मुलगी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची. १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ शोधून काढला तो याच गावात. शाळेत तिने ३,०७० गुणांचा राज्यविक्रम केला, कॉलेजात हिजाब घालूनच खेळली, पण व्यावसायिक खेळाचे दार याच नियमाने बंद झाले. तिच्यासारख्या अनेकींनी आवाज उठवला. अखेर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने नियम बदलला आणि डोके झाकून खेळायला परवानगी दिली. तेव्हा 'खेळायचे तर हिजाब सोडावा लागेल' हे कारण आता उरलेले नाही. शिवाय प्रेषितांनी (स.) हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

बास्केटबॉल आपल्या वस्तीला परकाही नाही. मुंबईच्या नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार दिला. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. गल्लीतल्या मैदानावर पोरांना घडवणारे उस्ताद होते, म्हणून हे झाले. आपल्या मुलींना अशा उस्ताद बायका हव्या आहेत. कित्येक घरांत मुलगी वयात आली की खेळ बंद होतो. त्याचे एक कारण हेच, की मैदानावर शिकवणारी बाई नसते. शिकवायला मॅडम असतील तर अम्मी निर्धास्त मुलीला पाठवतील.

रस्ता कसा आहे, तेही सांगते. आपल्याकडच्या कॉलेजात फक्त बास्केटबॉलसाठी वेगळी प्रशिक्षक सहसा नसते. 'शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक' ही जागा असते आणि तिच्यावरच सगळे खेळ असतात. त्यासाठी शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के गुण, नेट किंवा सेट, खेळातला सहभाग आणि शारीरिक क्षमतेची चाचणी लागते. म्हणजे आधी पदवी, मग दोन वर्षांचे बी.पी.एड. आणि दोन वर्षांचे एम.पी.एड. बी.पी.एड. झाल्यावर शाळेत शारीरिक शिक्षिका होता येते, तेव्हा मधेच थांबावे लागले तरी हात रिकामे राहत नाहीत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच काम करते आहे. एकाच खेळात पारंगत व्हायचे तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका मिळते. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवा. हेही खरे, की कॉलेजातल्या जागा थोड्या निघतात आणि वाट पाहावी लागते. मुलीच्या अब्बूंची काळजी खोटी नाही. तिला उडवून लावू नका.

ताई, तुमच्या गावाचे नाव ऐकले की मला २०२१ चा ऑगस्ट आठवतो. शाळा लवकर सुटलेला, वेल्डिंगचे काम करणारा तुमच्याच गावचा एक तरुण, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. हुशारी त्याच्या बोटांत होती, मेहनत होती, जिद्द होती. 'थांब, हे असे नको, असे कर' म्हणणारे जाणते माणूस मात्र त्या रात्री शेजारी नव्हते. अल्लाह त्याला मगफिरत देवो.

प्रशिक्षकाचे काम तेच असते. गुण असलेल्या मुलाच्या शेजारी उभे राहून त्याला वेळेवर हात देणे. तुमच्या मुलीला ते काम करायचे आहे, दुसऱ्यांच्या मुलींसाठी. समिटच्या वडिलांनी घर हलवले होते. तुम्हाला तेवढे करायला नको. बारावीचा निकाल लागला की तिच्या अब्बूंनी एक दिवस काढावा, मुलीला घेऊन अमरावतीला जावे, कॉलेज पाहावे, मुलींचे वसतिगृह पाहावे, तिथे शिकवणाऱ्या बायकांशी दोन शब्द बोलावे. मग घरी बसून तिघांनी मिळून ठरवावे. डी.एड.चा अर्जही भरून ठेवा, हरकत नाही. पण पाहिल्याशिवाय 'नाही' म्हणू नका.

काय ठरले ते कळवा. मी वाट पाहते.