सिस्टरनं गरिबीचं व्रत घेतलेलं नाही

नर्स संपावर गेल्या की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सिस्टर असून असं कसं करतात?" डॉक्टरांचा संप असला की आपण मागण्या काय आहेत ते विचारतो. वकिलांनी कामावर बहिष्कार टाकला की तारीख पुढे गेली म्हणून चिडतो. नर्सच्या बाबतीत मात्र आपण थेट तिच्या दयेवरच शंका घेतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये तेलंगणातल्या कंत्राटी सेकंड एएनएम, "आम्हाला कायम करा" या मागणीसाठी संपावर गेल्या, तेव्हा आमच्या आदिलाबादेतही हेच वाक्य ऐकू आलं. रविवारच्या मिस्सेनंतर युवक गटात यावर वाद झाला. एक काका म्हणाले, "नर्सनं संप करणं म्हणजे आईनं चूल न पेटवण्यासारखं आहे." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही, पण ते सहज खोडून काढण्यासारखंही नाही. पावसाळ्याचे दिवस, गावोगाव तापाची साथ, आणि उपकेंद्रात रक्ताचा नमुना घेणारी, गरोदर बायांना तपासणारी, बाळांना लस देणारी बाईच जागेवर नाही, हे चित्र कुणालाही अस्वस्थ करेल.

माझं म्हणणं आधीच सांगते. नर्सना संपाचा नैतिक हक्क आहे. आदिलाबादसारख्या ठिकाणी तो बजावताना त्यांच्यावर शहरापेक्षा जास्त कडक बंधनं येतात. पण तितकीच कडक बंधनं त्यांना कामावर ठेवणाऱ्यांवरही येतात. आपण पहिली बंधनं मोठ्यानं सांगतो आणि दुसरी सोयीनं विसरतो.

सुरुवात त्या शब्दापासून करू. नर्सला "सिस्टर" हे नाव चिकटलं ते कॉन्व्हेंटमुळे. युरोपात शतकानुशतकं आजाऱ्यांची शुश्रूषा धर्मभगिनी करत आल्या. पुढे पगारी नर्स आल्या, तरी नाव तेच राहिलं. आमच्याकडे तर दोन्ही प्रकारच्या सिस्टर शेजारी शेजारी दिसतात. आदिलाबादचा सिरो-मलबार धर्मप्रांत १९९९ मध्ये चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याच्या आधीपासून केरळहून आलेल्या धर्मभगिनी या भागात काम करत आल्या आहेत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच फरक स्पष्ट सांगायला हवा.

धर्मभगिनी दारिद्र्याचं व्रत घेते. वर्षानुवर्षांच्या तयारीनंतर, स्वतःच्या इच्छेनं, सगळ्यांसमोर घेते. मग तिचा संघ तिला सांभाळतो. जेवण, छप्पर, आजारपण, म्हातारपण ही सगळी त्याची जबाबदारी. एजन्सीमार्फत लागलेल्या नर्सनं असलं कोणतंही व्रत घेतलेलं नसतं. आमच्या पॅरिशमधल्या काही मुली नर्सिंग शिकायला हैदराबादला गेल्या, त्या घरच्यांनी कर्ज काढल्यावर. परत आल्यावर हातात पडतो तो ठरावीक मुदतीचा करार. व्रत स्वतः घ्यायचं असतं. दुसऱ्यानं लादलेल्या गरिबीला व्रत म्हणत नाहीत.

आईच्या उपमेचंही तेच. आईला कुणी कंत्राटावर ठेवत नाही, आणि मुदत संपली म्हणून घराबाहेर काढत नाही. शिवाय आई थकून बसली तर शहाण्या घरात दुसरं कुणीतरी उठून चूल पेटवतं. ती का उठली नाही, यावर सभा भरवत नाही.

गेल्या काही वर्षांतल्या संपांच्या मागण्या पाहा. जुलै २०२० मध्ये, कोविड भरात असताना, हैदराबादच्या गांधी हॉस्पिटलमधल्या आउटसोर्सिंगच्या नर्सनी काम थांबवलं. गांधी हे तेव्हा राज्यातलं मुख्य कोविड हॉस्पिटल होतं. लोकांनी टाळ्या-थाळ्या वाजवल्या त्याला चारच महिने झाले होते. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, कोविडसाठी आउटसोर्सिंगवर घेतलेल्या दीड हजारांहून अधिक नर्सना राज्यानं कामावरून कमी केलं. मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेनं संप केला. जे.जे.सारख्या मोठ्या रुग्णालयात ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. तिथला मुख्य मुद्दा होता, नर्सची भरती खासगी एजन्सीमार्फत करू नका. आणि २०२३ च्या आमच्या एएनएमची मागणी होती, कायम करा.

म्हणजे पगाराचा विषय असला तरी त्याच्या खाली दुसरा प्रश्न आहे, उद्या नोकरी आहे का? आणि हा प्रश्न पेशंटचाही आहे. रात्रपाळीला एकच नर्स पुरत नाही, अमुक औषध संपलं आहे, हे वरिष्ठांना तोंडावर सांगायला पायाखाली थोडी घट्ट जमीन लागते. जिला कधीही घरी पाठवता येतं, ती गप्प बसायला शिकते. तिच्या गप्प बसण्याची किंमत शेवटी खाटेवरचा माणूस मोजतो.

आता दुसरी बाजू. ६ ऑगस्ट २००३ रोजी टी. के. रंगराजन विरुद्ध तमिळनाडू सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर हक्क नाही आणि संपाला नैतिक आधारही नाही. त्यामागचा विचार असा की संपानं सगळा समाज वेठीला धरला जातो. नर्सच्या बाबतीत या मुद्द्याला जास्तच धार आहे. कारखान्यात काम थांबलं तर मालकाचं नुकसान होतं. वॉर्डात काम थांबलं तर ज्याचा भांडणाशी संबंधच नाही असा माणूस भरडला जातो.

आदिलाबादेत हे आणखी खरं आहे. पुण्या-मुंबईत एक हॉस्पिटल बंद असलं तर दुसरं असतं. आमच्याकडे मोठं सरकारी हॉस्पिटल म्हणजे २००८ साली सुरू झालेलं रिम्स. जैनथ-बेल्याचा मराठी शेतकरी तिथेच येतो, उटनूर-नारनूरकडची गोंड आणि कोलाम माणसं तिथेच येतात, किनवटकडचे पेशंटही येतात. ज्याच्याकडे पैसे आहेत तो गाडी करून नागपूर किंवा हैदराबाद गाठतो. संप झाला तर मागे उरतो तो गरीब. आणि ज्यांनी मागण्या मान्य करायच्या, ते या खाटांवर कधी झोपत नाहीत. म्हणून "हक्क आहे, बजावला" एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

आपला धर्म यावर काय सांगतो? अनेकांना वाटतं की चर्च म्हणेल, सोसा आणि प्रार्थना करा. पण १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी "रेरुम नोव्हारुम" या पत्रात कामगारांचा न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क मांडला. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी "लाबोरेम एक्सर्चेन्स"मध्ये संपाबद्दल स्पष्ट लिहिलं. पोलंडमध्ये तेव्हा "सॉलिडॅरिटी"चे कामगार लढत होते, आणि हे पोप पोलंडचेच. त्यांच्या मते संप हे योग्य मर्यादेत वैध साधन आहे, संप केला म्हणून कामगाराला शिक्षा होऊ नये, पण ते टोकाचं साधन आहे आणि समाजाच्या अत्यावश्यक सेवा काहीही झालं तरी चालू राहिल्या पाहिजेत.

यातली दोन टोकं एकत्र कशी ठेवायची, हे मला शुभवर्तमानातल्या शब्बाथाच्या प्रसंगावरून कळतं. शब्बाथाला काम थांबवणं ही साधी सुट्टी नव्हती, ती देवाची आज्ञा होती, आणि दासदासींनाही ती विश्रांती होती. तरी येशू विचारतो की त्या दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच बाहेर काढणार नाही का? काम थांबवणं पवित्र असू शकतं. विहिरीत पडलेल्याला तसंच ठेवणं मात्र कधीच पवित्र नसतं.

हे प्रत्यक्षात करता येतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं १५ आणि २० डिसेंबर २०२२ रोजी संप केला. त्या संघटनेच्या १०६ वर्षांच्या इतिहासातला एवढा मोठा संप पहिलाच. पण केमोथेरपी, डायलिसिस, अतिदक्षता, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग या सेवा त्यांनी संपातून वगळल्या होत्या.

आमच्याकडच्या संपासाठी मी तीन अटी सांगेन. पहिली, लेबर रूम, कॅज्युअल्टी, नवजात बाळांचा विभाग आणि डायलिसिस यांना हात लागू नये. साथीच्या दिवसांत तापाची तपासणी आणि साप चावलेल्याचे उपचार याच यादीत यावेत. दुसरी, पुरेशी आधी नोटीस द्यावी, आणि ती फक्त कलेक्टर कचेरीत नको. शंभर रुपये भाडं खर्चून बाळंतिणीला घेऊन निघालेल्या माणसाला ती गावातच, तेलुगू, मराठी आणि गोंडीत कळली पाहिजे. तिसरी, आधी बाकीचे सगळे मार्ग खरोखर चालून पाहिलेले असावेत. काळ्या फिती, निवेदनं, वाटाघाटी, सगळं.

या अटी नर्सनी पाळायच्या असतील, तर सरकारच्या वाट्याला काय येतं? ज्याच्या हातून संपाचं साधन काढून घ्यायचं, त्याला न्याय मिळवायचा दुसरा रस्ता द्यावा लागतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीत निकाल देणारी आणि दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारी लवादाची सोय. अत्यावश्यक सेवेचा कायदा लावून संप मोडता येतो, पण सेवा खरंच अत्यावश्यक असेल तर ती देणारी माणसं कंत्राटी कशी, याचं उत्तर त्या कायद्यात नाही.

आणखी एक. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स असावी, साध्या हॉस्पिटलात पाचामागे एक. सरकारी वॉर्डात कधी रात्र काढली असेल तर तुम्हीच मोजून पाहा. संपाच्या दिवशी किमान किती नर्स हव्यात यावर आपण तावातावानं बोलतो. संप नसतो त्या दिवशी किती हव्यात, हे विचारत नाही. पेशंटचा जीव धोक्यात आला असं आपल्याला संपाच्या दिवशीच का वाटतं?

शेवटी आपल्याच घराकडे बघायला हवं. हे मासिक ख्रिस्ती कॉलेजचं आहे, आणि ख्रिस्ती संस्थांची हॉस्पिटलं देशभर आहेत. खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१६ मध्ये त्यातून नेमलेल्या समितीनं सुचवलं की पन्नासहून कमी खाटांच्या हॉस्पिटलातही वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा. केरळात त्यासाठी नर्सना २०१७ मध्ये आंदोलन करावं लागलं. जुलैत मुख्यमंत्र्यांसमोर तडजोड झाली, कॅथलिक हॉस्पिटलांनीही पगारवाढ मान्य केली. चांगलं झालं. पण ज्या चर्चनं न्याय्य वेतनाबद्दल १८९१ मध्ये लिहिलं, त्याच्या हॉस्पिटलांनी या बाबतीत सगळ्यांच्या पुढे असायला हवं होतं. "ही सेवा आहे" हे वाक्य नर्सनं स्वतःबद्दल म्हटलं तर शोभतं. पगारपत्रकावर सही करणाऱ्यानं म्हटलं तर ती सबब होते.

दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जखमी माणसाला त्यानं उचललं, जखमा बांधल्या, हे सगळ्यांना आठवतं. पुढचं कमी जणांना आठवतं. दुसऱ्या दिवशी त्यानं उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली, याची काळजी घे म्हणाला, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असंही सांगितलं. पुढची शुश्रूषा पैसे घेऊन झाली. त्यामुळे कुणाची दया कमी झाली नाही. दयाळू माणसानं दुसऱ्याच्या कष्टाचा हिशेब आधी चुकता केला.

पुढच्या वेळी कुठे नर्सचा संप झाला, तर "असं कसं करतात?" याच्याआधी दोन गोष्टी विचारू या. त्यांनी लेबर रूम आणि कॅज्युअल्टी चालू ठेवली आहे का? आणि त्यांच्या निवेदनांना किती महिने कुणी उत्तर दिलं नव्हतं? पहिल्याचं उत्तर "नाही" असेल तर मी त्यांच्या विरोधात बोलेन. दुसऱ्याचं उत्तर न देणाऱ्यांच्या विरोधातही तितक्याच मोठ्यानं बोलेन.

"सिस्टर" हा शब्द मात्र राहू द्या, चांगला आहे. फक्त आपल्याकडे बहीण म्हटली की भाऊबीज येते, आणि त्या दिवशी ताटात ओवाळणी भावानं टाकायची असते.