धम्मयात्रेच्या धंद्यालाही शील हवे

पावसाळा सरत आला की मालाडच्या मालवणीत, कुरारमध्ये, आप्पापाड्यात विहारांच्या भिंतीवर फलक लागू लागतात. दीक्षाभूमी दर्शन. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी धम्मसहल. अजिंठा-वेरूळ, तीन दिवस दोन रात्री. एका कोपऱ्यात तथागत, दुसऱ्या कोपऱ्यात बाबासाहेब आणि खाली मोबाईल नंबर. धंदा करणारा माणूस आपलाच असतो. कंपनी बंद पडल्यावर घरी बसलेला, रिक्षा चालवता चालवता ओळखीपाळखी जमवलेला, नाहीतर विहाराच्या कमिटीत हिशेब सांभाळणारा. ऑफिस म्हणजे त्याची राहती खोली. गाडी भाड्याची, आचारी ओळखीचा, भांडवल म्हणजे लोकांनी भरलेली आगाऊ रक्कम.

या माणसांविषयी आम्हाला आस्था आहे. मोठ्या ट्रॅव्हल कंपन्यांच्या जाहिरातीत आमची मायबहीण कधीच नव्हती. रेल्वेने २००७ साली बौद्ध स्थळांसाठी खास वातानुकूलित गाडी सुरू केली, ती परदेशी पाहुण्यांचा खिसा पाहून. घरकाम करणाऱ्या बाईला हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन लुंबिनी दाखवली ती या लहान माणसांनी. हे त्यांचे ऋण मान्य करूनच आज चार कडू गोष्टी लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी मालवणीतल्या सात-आठ महिला आमच्याकडे कागद घेऊन आल्या. कागद म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेल्या पावत्या. वर्षभर भिशी करून त्यांनी बुद्धगयेच्या सहलीचे पैसे भरले होते. बसमध्ये जागा होत्या त्यापेक्षा माणसे जास्त. मालाडहून निघालेला ड्रायव्हर एकटा, बदली नाही. रात्री त्याच्या डोळ्यांवर झापड येई, तेव्हा पुढच्या सीटवरच्या बाया आळीपाळीने बुद्धवंदना म्हणत त्याला जागे ठेवत. आचाऱ्याच्या हाताखाली शाळा बुडवून आणलेला एक पोर. मुक्काम विहाराच्या ओसरीवर, प्रातर्विधी रस्त्याकडेला, तोही अंधार पडेपर्यंत थांबून. परतीच्या वाटेवर डिझेलचे पैसे संपले म्हणून पुन्हा वर्गणी. गाडीच्या काचेवर मात्र ठळक अक्षरात 'जय भीम'.

महिलांचा प्रश्न साधा होता. "साहेब, माणूस आपला आहे. आपल्याच माणसावर केस करायची का?"

आम्ही दोन्ही पक्षांना बसवले. आयोजकाचा हिशेब मागितला. तो पाहिल्यावर आमचाही राग थोडा उतरला. गाडीमालकाचे भाडे, डिझेल, टोल, परमिट, शिधा वजा जाता त्याच्या हातात महिन्याच्या मजुरीएवढेही उरत नव्हते. "मी दर वाढवला तर लोक शेजारच्या फलकाकडे जातात," तो म्हणाला. ते खोटे नव्हते. सर्वात स्वस्त गाडी शोधणारे आम्हीच. त्या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली? ड्रायव्हरच्या झोपेने, त्या पोराच्या शाळेने आणि आमच्या महिलांच्या अब्रूने. शेवटी त्याने जादा घेतलेली वर्गणी हप्त्याने परत केली आणि प्रकरण मिटले. पण प्रश्न मिटला नाही.

प्रवास हा आपल्या चळवळीत कधीच करमणुकीचा विषय नव्हता. बाबासाहेबांनी स्वतःच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने लिहून ठेवले, त्यातले किती प्रसंग प्रवासातले आहेत ते पाहा. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेली ती लहान मुले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. वाटेत घोटभर पाणी मिळाले नाही. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. समाजबांधवांनी टांगा मिळवला, पण हाकायला सराव नसलेला माणूस बसला. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. १९३४ साली तर ते सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. म्हणजे ही आपली धम्मसहलच! दौलताबादच्या किल्ल्याबाहेर धुळीने माखलेल्या त्या मंडळींनी तळ्यावर हातपाय धुतले, तर तळे बाटवले म्हणून लोक अंगावर धावून आले.

राज्यघटनेचे कलम १५ दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्यापासून कोणालाही जातीवरून रोखता येणार नाही असे सांगते. ते वाचताना मसूरचा गाडीवान आणि दौलताबादचे तळे डोळ्यांसमोर उभे राहते. ज्या समाजाने प्रवासाचा हक्क असा रक्त आटवून मिळवला, त्या समाजातल्या प्रवासी धंद्याने आपल्याच माणसांना जनावरासारखे कोंबून न्यावे, हे कोणत्या तोंडाने सहन करायचे? आणि चाळीसगावचा धडा विसरता येणार नाही. आपलेपणा कितीही असला तरी हाकणारा हात सराईत आणि जागा लागतो.

ड्रायव्हरच्या झोपेविषयी आम्ही उगाच बोलत नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला येणारी खासगी बस नाशिकला धडकून पेटली, १२ जीव गेले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटली, २५ जण होरपळून गेले. या दोन अपघातांची कारणे तपासाचा भाग. पण रात्रीचा लांब पल्ल्याचा प्रवास म्हणजे किती माणसांचे प्राण दोन हातांत असतात, ते त्यातून दिसले. आठ तासांच्या दिवसासाठी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम सदस्य असताना झगडले. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाचे आठ तास ठरवले, लांब पल्ल्याला दहापर्यंत सवलत दिली. आता कायद्यांची नावे बदलून कामगार संहिता आल्या. संहिता बदलल्याने झोप कमी लागते असे नाही. बाबासाहेबांच्या दर्शनाला नेणारी गाडी बाबासाहेबांनीच मिळवून दिलेला आठ तासांचा दिवस पायदळी तुडवत धावत असेल, तर ते दर्शन कसले?

दुसरी गोष्ट, आपण जिथे जातो त्या जागेची. मालाडच्या माणसाला धम्मयात्रेसाठी बिहार गाठावाच लागतो असे नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे, शंभरावर लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची, सोनाराची, लोहाराची दाने कोरली आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी खोदून दिली. डोंगरावरचा पाऊस पाटांनी उतरवून पोढ्यांत साठवायचा आणि भिक्खूची व वाटसरूची तहान भागवायची, ही दोन हजार वर्षांपूर्वीची व्यवस्था. त्या काळचा व्यापारी वाटेवर पाणी ठेवून गेला. आमचा सहलवाला प्लास्टिकच्या बाटल्या ठेवून येतो. जेवणाच्या पत्रावळी लेण्यांच्या तोंडाशी, पोरांची नावे भिंतींवर. उद्यानातल्या आदिवासी भगिनी वाटेवर काकड्या, करवंदे विकायला बसतात, त्यांच्याशी घासाघीस करून आम्ही सोबत आणलेली चिप्सची पाकिटे फोडतो. जवळच मागाठाण्याची लेणी घरांच्या गराड्यात गुदमरली आहेत. ती आपली म्हणून आपण सरकारकडे दाद मागतो. मग जी वाचली आहेत ती घाण करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

बुद्धगयेचेही तसेच. महाविहाराचा ताबा बौद्धांकडे असावा म्हणून अनागारिक धम्मपालांपासून लढा चालू आहे. १९४९ च्या कायद्याने व्यवस्थापन समितीत चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी अशी रचना केली. तो कायदा रद्द व्हावा म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत भिक्खू उपोषणाला बसले. आमच्या किती सहलींमध्ये हा इतिहास सांगितला जातो? आणि याच बुद्धगयेच्या परिसरात १९७८ पासून भूमिहीन दलित मजुरांनी महंताच्या मठाच्या हजारो एकर जमिनीविरुद्ध लढा दिला, जमीन मिळवली, कित्येक ठिकाणी ती बायांच्या नावावर करून घेतली. आमच्या बसेस त्यांच्या वस्त्यांना वळसा घालून जातात. एक वेळचे जेवण त्या वस्तीत रांधायला सांगितले, त्याचे रास्त पैसे दिले, तर आमच्या महिलांना त्या महिला भेटतील. चार पैसे हॉटेलवाल्याऐवजी कष्टकऱ्याच्या घरात जातील. मार्व्याहून बोटीने मनोरीला सहल नेणाऱ्यांनीही हेच करावे. मासळीचे जेवण कोळणीच्या हातचे घ्यावे आणि किनारा जसा होता तसा ठेवून यावे.

यावर कोणी म्हणेल, वकीलसाहेब, हे सगळे करायचे तर दर वाढेल आणि गरीब माणूस घरी बसेल. आक्षेप खरा आहे, तो आम्ही टाळत नाही. दर वाढेल. पण विहार कमिट्यांनी मनात आणले तर वाढीचा भार एकट्यावर पडणार नाही. चार विहारांनी मिळून एक गाडी ठरवली, सणाची गर्दी टाळून तारीख घेतली, पैसे कमिटीच्या खात्यावर जमा करून आयोजकाला टप्प्याटप्प्याने दिले, तर भाडेही आटोक्यात येते आणि हिशेबही राहतो. दरवर्षी चार सहली काढण्यापेक्षा एकच नीट काढावी. आयोजकांनीही भिशीच्या पैशावर धंदा चालवण्याऐवजी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे दार ठोठवावे.

आणि प्रवाशांनी पैसे भरण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात. छापील पावती आणि कार्यक्रमाचा कागद मिळेल का? ड्रायव्हर किती, एक की दोन? गाडीत जागा किती, माणसे किती? महिलांच्या मुक्कामाची आणि शौचालयाची सोय कुठे कुठे आहे? आचारी व मदतनिसांना रोज काय मिळतो? उत्तर गुळमुळीत आले तर फलक कितीही निळा असो, पैसे भरू नका. फसवणूक झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून कागद जपून ठेवा.

त्या महिलांच्या प्रश्नाला आम्ही तेव्हा जे उत्तर दिले तेच आज जाहीरपणे देतो. होय, आपल्याच माणसाला जाब विचारायचा. आधी घरात बसून, नाही ऐकले तर आयोगात जाऊन. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली ती भिक्खूंसाठी नव्हे, पोट भरणाऱ्या प्रत्येकासाठी. काचेवर 'जय भीम' लिहिल्याने गाडी चळवळीची होत नाही. आत बसलेल्या बाईला, स्टेअरिंगवरच्या माणसाला आणि वाटेवरच्या गरिबाला ज्या गाडीत न्याय मिळतो, ती गाडी चळवळीची.

यंदाचे फलक लागतील तेव्हा विहार कमिट्यांनी एवढे तपासावे, हीच विनंती. जय भीम!