आधी शिकाऊ, मग लढाऊ

२०२३ च्या दसऱ्यात म्हैसूरच्या बन्नीमंटप मैदानावर वायुसेनेच्या सूर्यकिरण पथकाची प्रात्यक्षिके झाली. विमाने डोक्यावरून गेली, तसे सारे मैदान टाळ्या वाजवू लागले. माझा मुलगा आपल्याच शाळेचा कॅडेट. तो मात्र म्हणाला, "बाबा, ही हॉक आहेत. नुसती ट्रेनर. फायटर नाहीत."

माहिती बरोबर होती, पण ते 'नुसती' मला खटकले. मी येथील एका कारखान्यात शिकाऊ मुलांना लेथ शिकवतो. आधी महिनाभर कानस घासायला दिली की तीही असेच तोंड करतात. रात्री मुलाच्या मनातले बाहेर आले. ड्रिलच्या मुख्य तुकडीतून काढून त्याला पुन्हा प्राथमिक कवायतीला लावले होते. "मला मागे टाकलं," एवढेच तो बोलला.

मी त्याला एका जर्मन विमानाची हकीकत सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला वायुदल ठेवण्यास बंदी केली. तेथील तरुण ग्लायडरवर आणि क्लबांच्या लहान विमानांवर उडायला शिकले. १९३२ साली फोके-वुल्फ कंपनीचे 'श्टीग्लिट्झ' उडाले. नाव एका छोट्या पक्ष्याचे, पंखांच्या दोन जोड्या, दोन उघड्या बैठका आणि सुमारे १५० अश्वशक्तीचे इंजिन. पहिल्या नमुन्यात दोष होते. अभियंते कुर्ट टांक यांनी चाचण्या घेऊन ते दूर केले. पुढे इतर देशांनीही हे विमान घेतले. हेच टांक १९५६ मध्ये बंगळूरला आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले 'मारुत' हे लढाऊ विमान १९६१ मध्ये उडाले. मारुतच्या आधी तीस वर्षे टांक शिकाऊ विमानाचे दोष काढत होते.

आपल्याकडेही क्रम हाच आहे. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना काढला. तेथे भारतीयांनी आराखड्यापासून घडवलेले पहिले इंजिनाचे विमान लढाऊ नव्हते. ते होते एचटी-२, शिकाऊ वैमानिकांचे, ऑगस्ट १९५१ मध्ये उडालेले. त्याचे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. त्यांनी जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली विमानविद्येचे शिक्षण घेतले होते. पुढे 'किरण' हे जेट ट्रेनरही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाले. हॉक येण्यापूर्वी सूर्यकिरण पथक याच किरण विमानांवर कसरती करत असे.

मला असे वाटते की प्राथमिक तुकडीत परत जाणे ही शिक्षा नव्हे. लढाऊ विमानाच्या वेगात चूक दुरुस्त करायला क्षणही मिळत नाही. ट्रेनरमध्ये ती करता येते, मागे बसलेला शिक्षक ती दाखवतो आणि विमान सावरून पुन्हा तीच कृती करवून घेतो. प्राथमिक कवायतीचा उपयोगही तोच आहे.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. श्टीग्लिट्झवर शिकलेले अनेक तरुण १९३५ नंतर हिटलरच्या वायुदलात गेले आणि त्यांचे कौशल्य जगाला संकटात लोटणाऱ्या युद्धात वापरले गेले. हात तयार करणे हे निम्मेच काम. तो कशासाठी उचलायचा, हेही पहिल्या इयत्तांतच शिकवावे लागते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, मुलाला प्राथमिक तुकडीत पाठवताना त्याचे नेमके काय चुकले ते सांगावे. कारण कळले नाही की मुलगा ते हिणवणे समजतो. वार्षिक समारंभात मुख्य तुकडीबरोबर प्राथमिक तुकडीचीही कवायत व्हावी. पालकांनी फोनवर "कुठल्या टीममध्ये आहेस?" असे विचारण्याआधी "या आठवड्यात कोणती चूक सुधारलीस?" असे विचारावे. मीही पूर्वी पहिलाच प्रश्न विचारत असे.

गेल्या रविवारी मुलाचा फोन आला. तो अजून प्राथमिक तुकडीतच आहे. 'पीछे मूड'ला त्याची टाच उशिरा वळत होती, ती आता वेळेवर वळते, असे त्याने आपणहून सांगितले.